उपचार पूर्ण, तरी रिपोर्ट ‘रिअॅक्टिव्ह’: सिफिलिसच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. स्क्रीनवर त्याने स्वतः बनवलेला तक्ता होता: तारीख, चाचणी, निकाल. निकाल ‘रिअॅक्टिव्ह’ आला की तो चौकोन आपोआप लाल व्हायचा आणि ‘नॉन-रिअॅक्टिव्ह’ आला की हिरवा, अशी सोय त्याने करून ठेवली होती. पहिली ओळ सोडली तर वरपासून खालपर्यंत सगळं लाल.

“इंजेक्शनला आठ महिने झाले,” तो म्हणाला. “त्यानंतर एकदाही हिरवं नाही. औषध लागू पडलंय की नाही, एवढंच सांगा डॉक्टर.”

औषध लागू पडलं होतं आणि त्याचा पुरावाही त्याच तक्त्यात होता. पण तो लाल-हिरव्याकडे बघत होता, आणि पुरावा होता शेजारी बारीक अक्षरात लिहिलेल्या आकड्यांत. या रुग्णाकडे मी पुढे बराच काळ पाहत राहिले. उपचारानंतरचे रक्ताचे रिपोर्ट वाचताना जे जे गोंधळ होतात, ते जवळजवळ सगळे या एका माणसाच्या फाइलमध्ये सापडतात. शेवटचा गोंधळ तर थोडा माझ्यामुळेच झाला. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

सुरुवात

वय तिशीच्या आसपास, इतर कोणताही आजार नाही. तळहात आणि तळपायांवर तांबूस-तपकिरी चट्टे, खाज अजिबात नाही, अंगावरही फिकट पुरळ. दोन महिन्यांपूर्वी लिंगावर एक न दुखणारी जखम झाली होती आणि ती आपोआप भरली, हे त्याने विचारल्यावर सांगितलं. न दुखणारी जखम माणूस विसरतो. सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजाराचं बरंचसं फावतं ते यामुळेच.

येताना त्याने एक रिपोर्ट आणला होता. सिफिलिसच्या दोन रक्तचाचण्या: व्हीडीआरएल नॉन-रिअॅक्टिव्ह (निगेटिव्ह), टीपीएचए रिअॅक्टिव्ह (पॉझिटिव्ह). तक्त्यातला एकमेव हिरवा चौकोन तो हाच, आणि तोच खोटा होता. तळहातावर असे चट्टे असताना व्हीडीआरएल निगेटिव्ह येणं मला पटेना. सिफिलिसच्या दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे असे चट्टे उठतात तेव्हा, कधी कधी रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) इतकी जास्त असतात की सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, पातळ न करता तपासलं तर अभिक्रिया दिसतच नाही. याला प्रोझोन म्हणतात. आमच्या लॅबला सिरम पातळ करत जाऊन आरपीआर ही व्हीडीआरएलच्याच घराण्यातली चाचणी करायला सांगितलं. उत्तर आलं १:१२८, म्हणजे १२८ पट पातळ केल्यावरही अभिक्रिया दिसली. या आकड्याला टायटर म्हणतात.

ते रक्त इंजेक्शन द्यायच्या दिवशी, इंजेक्शनच्या आधी काढलेलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी मोजणी या आकड्यापासून करायची असते. निदान आणि उपचार यांत दोन-तीन आठवडे गेले तर तेवढ्यात टायटर चढू शकतो. मग तुलना जुन्या, लहान आकड्याशी होते आणि चांगला उतार असूनही तो कमी दिसतो.

एचआयव्ही निगेटिव्ह होता. नजर धूसर होणं, कानात आवाज, ऐकू कमी येणं, सततची डोकेदुखी यांपैकी काही नव्हतं. बेन्झाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, १२-१२ लाख दोन्ही कुल्ल्यांत, एकदाच. त्या रात्री त्याला थंडी वाजून ताप आला, अंग मोडून आलं. पहिल्या २४ तासांत असं होऊ शकतं हे आधी सांगितलं होतं. ही पेनिसिलिनची ॲलर्जी नसते. जंतू एकदम मरायला लागले की शरीर अशी प्रतिक्रिया देतं. दुसऱ्या दिवशी तो बरा होता.

दोन चाचण्या, दोन वेगळे प्रश्न

सिफिलिसच्या रक्तचाचण्यांची दोन घराणी आहेत आणि त्यांचं काम एक नाही. टीपीएचए, टीपीपीए, एफटीए आणि आता मशीनवर होणाऱ्या बहुतेक चाचण्या ट्रेपोनिमा पॅलिडम या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं शोधतात. त्यांचा प्रश्न असा: हा जंतू या शरीरात कधी येऊन गेला आहे का? एकदा ‘हो’ आलं की ते बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभर ‘हो’च राहतं. अगदी पहिल्या अवस्थेतच उपचार झालेल्यांपैकी १५ ते २५ टक्के लोकांत ती दोन-तीन वर्षांनी निगेटिव्ह होते, पण त्या आशेवर बसू नये.

दुसरं घराणं व्हीडीआरएल आणि आरपीआरचं. गंमत अशी की या चाचण्या जंतूला शोधतच नाहीत. १९०६ मध्ये वासरमन यांच्या चाचणीत सिफिलिसग्रस्त अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला होता. काही काळातच कळलं की निरोगी प्राण्याच्या हृदयाचा अर्कही तेच काम करतो. त्या अर्कातला नेमका घटक, कार्डिओलिपिन, १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी वेगळा केला. आजच्या आरपीआरमध्येही तेच कार्डिओलिपिन असतं. रोग जागा असताना पेशींची जी मोडतोड होते, तिच्यातून आणि जंतूच्या आवरणातून बाहेर पडणाऱ्या स्निग्ध द्रव्यांविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवतं, आणि या चाचण्या ती पकडतात. म्हणून ल्युपससारख्या आजारात, गरोदरपणात किंवा मलेरियानंतरही त्या उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतात. आणि म्हणूनच उपचार लागू पडला की त्यांचा आकडा उतरतो. मोडतोड थांबली की प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात.

आकडा येतो कुठून, हे त्याला समजावायला मी त्याला सरळ लॅबमध्ये नेलं. पांढरं गुळगुळीत कार्ड, त्यावर गोल. पहिल्या गोलात सिरम जसंच्या तसं, दुसऱ्यात सलाइन घालून निम्मं, तिसऱ्यात त्याचंही निम्मं, असं पुढे. प्रत्येकात कार्डिओलिपिन आणि कोळशाचे बारीक कण असलेल्या द्रावाचा थेंब. कार्ड फिरत्या यंत्रावर, मिनिटाला १०० फेरे, ८ मिनिटं. मग नुसत्या डोळ्यांनी बघायचं: काळे कण एकत्र येऊन गुठळ्या झाल्या असतील तर रिअॅक्टिव्ह, एकसारखा करडा रंग राहिला असेल तर नाही. ज्या शेवटच्या गोलात गुठळ्या दिसतात तो टायटर. १:१२८ म्हणजे सातदा निम्मं केल्यावरही गुठळ्या धरल्या.

तंत्रज्ञाने एका गोलाकडे बोट दाखवलं. त्यात गुठळ्या होत्या म्हटलं तर होत्या, नव्हत्या म्हटलं तर नव्हत्या. “हे तुम्ही काय लिहिणार?” रुग्णाने विचारलं. तंत्रज्ञ म्हणाले, “मी १६ लिहीन. दुसरा कोणी ३२ लिहील. दोघंही बरोबर.”

माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा हे वाक्य त्याला जास्त उपयोगी पडलं असणार. हे आकडे जिन्याच्या पायऱ्यांसारखे आहेत: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. एका पायरीचा फरक चाचणीच्या स्वभावातच असतो, त्याला अर्थ चिकटवायचा नाही. दोन पायऱ्या, म्हणजे चौपट फरक, झाला तरच काही खरोखर बदललं असं मानतात. ३२ आणि ६४ यांत ३२ चं अंतर दिसतं, पण ती एकच पायरी आहे. २ आणि ८ यांत सहाच दिसतात, पण त्या दोन पायऱ्या आहेत.

आठ महिन्यांचा तक्ता, पुन्हा वाचून

आता त्याच्या लाल चौकोनांकडे परत जाऊ.

तिसऱ्या आठवड्यात मला न सांगता त्याने दुसऱ्या लॅबमध्ये आरपीआर केली होती: १:२५६. ती रात्र त्याने जागून काढली. एक पायरी, वेगळी लॅब, आणि वर उपचारानंतरच्या पहिल्या आठवड्यांत टायटर थोडा वर जाऊ शकतोच. या रिपोर्टला काही अर्थ नव्हता. तिसऱ्या आठवड्यात तपासायचंच कशाला, हा खरा प्रश्न.

तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे १:६४. एक पायरी खाली, अजून निकाल लावायचा नाही.

सहाव्या महिन्यात १:१६. १२८, ६४, ३२, १६: तीन पायऱ्या. इथेच त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पहिल्या किंवा दुसऱ्या अवस्थेतल्या सिफिलिसमध्ये उपचारानंतर १२ महिन्यांत दोन पायऱ्यांचा उतार अपेक्षित असतो. सुप्त, म्हणजे लक्षणं न दिसणाऱ्या, सिफिलिसमध्ये त्यासाठी २४ महिने वाट पाहतात. एचआयव्हीबाधितांमध्ये तपासण्या जास्त वेळा करतात. याचं सहा महिन्यांतच झालं होतं.

मग आठव्या महिन्यात हे काय? नोकरीसाठी आरोग्य तपासणी झाली, तिथे मशीनवरची ट्रेपोनिमल चाचणी पॉझिटिव्ह, शिवाय टीपीएचए १:२५६०. हा आकडा बघून तो माझ्याकडे धावत आला होता. मला टीपीएचएच्या टायटरचा राग येतो तो यासाठी. तो छापला की डोळ्यांत भरतो, रुग्ण तो आरपीआरच्या १६ शेजारी ठेवतो आणि रोग दीडशेपट वाढला असं समजतो. उपचाराचं यश मोजायला तो वापरत नाहीत. मी त्याला एक पत्र दिलं: कोणत्या तारखेला कोणतं औषध, त्या दिवशीचा आरपीआर किती, आताचा किती, पुरेसा उपचार झालेला आहे. हे पत्र आणि जुने रिपोर्ट कायम जपून ठेवा, असं बजावलं. ट्रेपोनिमल चाचणी तर पुढेही पॉझिटिव्हच येणार, आणि दर वेळी कोणीतरी नवा माणूस ती बघून दचकणार.

चारवर अडकलेला आकडा

बाराव्या महिन्यात १:४. मध्येच एकदा दुसरीकडे व्हीडीआरएल केली, ती १:२ आली आणि तो आनंदात होता. मी तो आनंद काढून घेतला, नाइलाज होता. व्हीडीआरएल सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात, आरपीआर नुसत्या डोळ्यांनी, आणि आरपीआरचा टायटर बऱ्याचदा थोडा वरचा येतो. दोन चाचण्यांचे आकडे एका जिन्यावर मांडायचे नाहीत. एकच चाचणी, शक्यतो एकाच लॅबमध्ये, शेवटपर्यंत.

अठराव्या महिन्यात १:८. त्याचा मेसेज आला: “चारचे आठ झाले. दुप्पट.” मी उलट विचारलं, “पायऱ्या किती?” बऱ्याच वेळाने उत्तर आलं: “एक.” चोविसाव्या महिन्यात पुन्हा १:४.

तो आता शून्याची वाट बघत होता. पण काहींच्या रक्तात हा आकडा खाली येऊन एका जागी थांबतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. याला सेरोफास्ट म्हणतात. साधारणपणे हा आकडा १:८ च्या खाली असतो, क्वचित वरही. उपचार कोणत्या अवस्थेत झाला, सुरुवातीचा टायटर किती होता, आधी कधी सिफिलिस होऊन गेला होता का, यावर ते बरंच अवलंबून असतं. योग्य उपचार घेतलेल्या पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या १० ते २० टक्के रुग्णांत तर वर्षभरात दोन पायऱ्यांचा उतारही दिसत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत औषध हरलं असं म्हणण्यासारखं काही सापडत नाही.

त्याने आणखी इंजेक्शनं मागितली. ही मागणी मी नेहमी ऐकते, आणि कधी कधी डॉक्टरही रिपोर्टच्या समाधानासाठी ती पुरवतात. जास्तीच्या पेनिसिलिनने असा अडकलेला आकडा खाली येतोच असं दिसलेलं नाही. मी तीनच गोष्टी केल्या. एचआयव्ही पुन्हा तपासला, निगेटिव्ह. डोळे, कान, मज्जासंस्था यांच्या तक्रारी पुन्हा विचारल्या आणि तपासल्या. त्या असत्या तर पाठीच्या कण्यातलं पाणी तपासण्याचा विषय निघाला असता. आणि मधल्या काळात नवा संसर्ग होण्यासारखं काही घडलं का, ते विचारलं. काही नव्हतं. मग त्याला म्हटलं, “१:४ हा तुमचा मुक्कामाचा आकडा समजा. तो बघून आता घाबरायचं नाही.”

हे बोलणं अर्धवट होतं, ते मला सात महिन्यांनी कळलं.

एकतिसावा महिना

तो आला तेव्हा कसलीच तक्रार नव्हती. नवं नातं जुळून चार-पाच महिने झाले होते. जोडीदाराने सुचवलं, दोघंही तपासून घेऊ. त्याची आरपीआर आली १:३२, आमच्याच लॅबची. आणि हा माणूस, जो दुपटीच्या फरकाने रात्रभर जागायचा, चक्क शांत होता. “माझं रिअॅक्टिव्ह येतंच,” तो म्हणाला. “सेरोफास्ट आहे ना.”

मी कागद पुढे सरकवला. “पायऱ्या मोजा.”

चार, आठ, सोळा, बत्तीस. बोटं मोजता मोजता त्याचा चेहरा बदलला.

सेरोफास्ट रुग्णाचा टायटर एकाच पायरीवर किंवा तिच्या आसपास घुटमळतो. तिथून दोन किंवा जास्त पायऱ्या वर गेला तर त्याचा अर्थ नवा संसर्ग किंवा जुना उपचार फसणं, असाच घ्यायचा, ‘मुक्कामाचा आकडा’ म्हणून सोडायचा नाही. आणि सिफिलिस एकदा होऊन गेल्याने संरक्षण मिळत नाही, तो पुन्हा होतो. टीपीएचए आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, यावरून पुष्कळांना वाटतं की गोवरासारखी प्रतिकारशक्ती आली. घाबरू नका हे मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं. कधी घाबरायचं, हे एकदाही नीट सांगितलं नव्हतं.

वाढ किरकोळ असेल आणि कारण दिसत नसेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून ती टिकते का ते बघता येतं. इथे तीन पायऱ्या होत्या आणि नवा संबंध होता, वाट बघण्यात अर्थ नव्हता. अंग तपासलं: ना जखम, ना चट्टे. म्हणजे सुप्त. पण किती जुना? लक्षणं नसलेला संसर्ग एक वर्षाच्या आतला असेल तर एकच मात्रा पुरते. त्याहून जुना किंवा मुदत माहीत नसलेला असेल तर दर आठवड्याला एक अशी तीन. इथे त्याचा चोविसाव्या महिन्याचा रिपोर्ट कामाला आला. सात महिन्यांपूर्वी १:४ होता, त्यामुळे ही वाढ वर्षाच्या आतली आहे हे कागदावर सिद्ध होतं. एकच मात्रा. तो रिपोर्ट हरवला असता तर उगाच आणखी दोन आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागली असती. हे २४ लाख युनिटचं इंजेक्शन घेतलेल्या कोणालाही विचारा, बसायला किती दिवस त्रास होतो.

त्याच दिवशी, इंजेक्शनच्या आधी, पुन्हा रक्त काढलं. १:६४ आलं. आदल्या आठवड्यात ३२ आणि आज ६४, पण याबद्दल त्याने काही विचारलं नाही.

एचआयव्ही पुन्हा निगेटिव्ह. जोडीदाराची तपासणी आणि उपचार झाले, त्याबद्दल इथे एवढंच. दोघांचे उपचार होऊन सात दिवस होईपर्यंत संबंध टाळायला सांगितलं. कोणाकडून कोणाला, हा प्रश्न दोघांपैकी एकाने विचारला. रक्त त्याचं उत्तर देत नाही, आणि मी अंदाज करत नाही.

यानंतर जुना १२८ विसरायचा, नवी मोजणी ६४ पासून. सहा महिन्यांनी १:१६, बारा महिन्यांनी १:४. तो पुन्हा तिथेच येऊन थांबला आहे आणि बहुधा तिथेच राहील.

शेवटच्या भेटीत त्याने न मागता मोबाइल दाखवला. तक्ता बदलला होता. लाल-हिरवा रकाना त्याने काढून टाकला होता. आता होतं: तारीख, चाचणीचं नाव, लॅब, टायटर, आणि शेवटी ‘मागच्यापासून किती पायऱ्या’. इंजेक्शनच्या दोन्ही तारखांखाली जाड रेघ. मी बघत होते तेवढ्यात त्याने एक ओळ दाखवून विचारलं, “ही दुसऱ्या लॅबची व्हीडीआरएल ठेवू की उडवू?”

“ठेवा,” मी म्हटलं. “फक्त पायऱ्यांचा रकाना तिथे रिकामा सोडा.”